आत्मशोधासाठी गच्ची हवी

"व्यायाम करताना विचार करू नकोस, पडशील," असं माझ्या सासूबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

सासूबाईंनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. त्या दोन गल्ल्या सोडून राहतात आणि नात सांभाळायला रोज आमच्याकडे येतात. त्यांचं साधं बोलणंसुद्धा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा बेताने निघतं. "पाणी पी" म्हणाल्या तरी मी आधी उभी राहते. पण मी पडले तत्त्वज्ञानाची पदवीधर. विचार केल्याशिवाय काहीही करू नये, हे मला तीन वर्षं फी भरून शिकवलेलं. तेव्हा मी त्यांच्याकडे बघून नुसती हसले. शिकलेला माणूस साध्या सल्ल्याकडे बघून हसतो, ते हसू. आता ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

व्यायामाची वेळ का आली, ते आधी सांगते. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. वजन अकरा किलो. घरात तिला सगळे गठुडं म्हणतात. एका सकाळी तिला अंघोळीच्या टबातून उचलताना माझ्या कंबरेत अशी काही कळ आली की हातातला जोरच गेला, आणि गठुडं सटकन परत टबात. पाणी जेमतेम चार बोटं होतं. तिला काही झालं नाही. उलट तिला तो खेळ वाटला आणि "आणि, आणि" म्हणून ती टाळ्या वाजवायला लागली. पण तिचं डोकं टबाच्या कडेपासून किती लांब राहिलं, ते मी पाहिलं होतं. फार लांब नव्हतं.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं, "कंबर दुखतेय." डॉक्टरांनाही तेच. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर स्नायू सैल पडतात, तीन व्यायाम देतो, रोज दहा मिनिटं, तीन महिने. कंबरेत ताकद येईपर्यंत जड काही उचलू नका.

मग मी तिला उचलणं बंद केलं. तिला घ्यायची झाली की मी खाली बसायचे आणि ती येऊन मांडीत चढायची. मुलं काही मूर्ख नसतात. आठ दिवसांत तिने माझ्याकडे बघून हात वर करणं सोडून दिलं. बाबा दिसला की हात वर, आजी दिसली की हात वर. एकदा तर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाकडे बघून दोन्ही हात वर. मी खोलीत आले की मात्र ती निमूटपणे फरशीवर बसायची. माझी सोय म्हणून.

तेव्हा मला ताकद हवी होती, ती एवढ्यासाठी. पण नुसतं असं कबूल करायला पदवी आड येते. रोज खुर्चीतून वीस वेळा उठायचं आणि वीस वेळा बसायचं, यात काहीतरी खोल अर्थ असल्याशिवाय माणसाने हे का करावं? कुठेतरी वाचलं होतं की शरीराची शिस्त हीच आत्म्याची पहिली पायरी. मी लगेच दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'देह आणि धारणा'.

पहिल्या दिवशीची नोंद: "खुर्चीतून उठणे. आसक्तीचा त्याग. माणूस बसतो तिथे चिकटतो." दुसऱ्या दिवशीची: "पाठीवर झोपून कंबर उचलणे. अहंकार जमिनीवर ठेवून वर उठता येते." इथे खरं म्हणजे गठुडं माझ्या पोटावर येऊन बसली होती आणि मला काहीच उचलता आलं नव्हतं, पण ते मी 'संसाराचा भार' या उपशीर्षकाखाली घातलं. चौथ्या दिवशी: "आज बोध झाला नाही. पोटरीत गोळा आला."

व्यायामाला दहा मिनिटं लागायची आणि वहीला चाळीस. बाळाच्या झोपेत एकूण पाऊण तास मिळतो. त्यामुळे हळूहळू व्यायाम पाच मिनिटांवर आला. कंबर होती तिथेच राहिली, अध्यात्म मात्र बाविसाव्या पानावर गेलं.

सासूबाईंनी एकदा वही उघडून दोन पानं वाचली आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"हे सगळं ठीक. गुडघा दुमडलास का?"

"आई, त्यामागची भूमिका..."

"भूमिका राहू दे. गुडघा?"

नवरा स्वभावाने गरीब आहे. तो फक्त कामावर निघताना बूट घालता घालता विचारायचा, "काय, आज कुठवर पोचलो?"  सगळ्याच शोधकांना घरातून असा त्रास होत असणार, असं म्हणून मी तेही वहीत लिहिलं.

तिसरा व्यायाम होता वजन उचलण्याचा. पाच किलोचं काहीतरी जमिनीवरून गुडघे वाकवून उचलायचं आणि परत ठेवायचं. घरात बरोबर पाच किलोची एकच वस्तू होती, कपडे धुण्याच्या पावडरीची पिशवी. सहा दिवस ती पिशवी माझ्याबरोबर साधना करत होती. सातव्या दिवशी, 'उचलतो तो कोण आणि उचललं जातं ते काय' अशा एका फार मोलाच्या विचारात मी असताना ती तळाशी फाटली.

पाच किलो पावडर म्हणजे किती, हे दुकानात कळत नाही. बैठकीच्या खोलीत कळतं. मी आधी गठुड्याला बाहेर काढलं, म्हणजे दाराशी बसून तिला हाका मारल्या. मग घाईघाईत ओलं फडकं फिरवलं. ओलं! तत्त्वज्ञानात रसायनशास्त्र नसतं. अर्ध्या तासाने आमच्या घरात घोट्यापर्यंत फेस होता, आणि त्यातला काही गॅलरीच्या पन्हाळीतून खाली चालला होता.

खाली पहिल्या मजल्यावर टायपिंगकाका राहतात. त्यांनी चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. त्यांना दर दोन सेकंदांनी काहीतरी ठक्क वाजण्याची सवय आहे, पण ते तालात हवं असतं. ते वर आले. त्यांच्या डोक्यावर फेसाचा एक पुंजका होता. तो मी दिसूनही न दिसल्यासारखा केला.

"रोज तुमच्याकडून ठक्क येतं," ते म्हणाले. "मी म्हटलं असेल काहीतरी. पण अंतर सारखं नसतं हो. एक ठक्क चार सेकंदांनी, दुसरं नऊ सेकंदांनी. माणसाने झोपायचं कसं? आणि आज हा फेस."

"काका, मी व्यायाम करते."

"करा ना. पण वजन खाली ठेवताना मनात मोजा. एक, दोन, ठक्क. एक, दोन, ठक्क. आणि डावा पाय टेकताना श्वास घ्यायचा. उजवा टेकताना सोडायचा."

"दोन्ही पाय टेकलेलेच असतात."

"मग तुमचं सगळं चुकतंय," असं म्हणून ते फेस घेऊन खाली गेले.

घरात आत्म्याला जागा नाही, हे आता उघड झालं होतं. गच्ची मोकळी होती. सकाळी सहा ते सात नवरा घरी असतो, मुलगी झोपलेली असते. फक्त गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांकडे. ती हवी तर अर्ज लागतो. अर्जात 'वापराचा हेतू' अशी एक रेघ आहे. तिथे 'व्यायाम' असं तीन अक्षरी लिहून मोकळी झाले असते तर पुढचं रामायण टळलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण मी लिहिलं, 'शारीरिक शिस्तीतून आत्मशोध'.

सेक्रेटरीकाकांनी अर्ज हातभर लांब धरून वाचला.

"वहिनी, हे कशात घालू? कार्यक्रमात की दुरुस्तीत?"

"काका, साधा व्यायाम आहे हो."

"असेल. पण रकाने दोनच आहेत."

"मग कार्यक्रमात घाला."

"कार्यक्रमाला सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या लागतात. शिवाय खुर्च्या किती, ते लिहावं लागतं. किती खुर्च्या?"

"एक. उठण्याबसण्यापुरती."

"एका खुर्चीचा कार्यक्रम होत नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "दुरुस्तीत घालतो. त्याला सह्या नकोत. काय बिघडलंय आणि किती दिवसांत होईल, एवढंच लिहायचं."

"पण काका, बिघडलेलं काहीच नाही."

"मग किल्ली कशाला हवी?"

तर्काच्या दृष्टीने प्रश्न बिनतोड होता.  त्यांनी लिहिलं, 'बिघाड: किरकोळ. मुदत: पंधरा दिवस.' आणि नियमाप्रमाणे खाली फळ्यावर सूचना लावली की दुरुस्तीच्या कामानिमित्त गच्ची सकाळी सहा ते सात बंद राहील.

गच्चीवर पाण्याची टाकी आहे. गच्चीवर दुरुस्ती म्हणजे टाकीची दुरुस्ती, आणि टाकीची दुरुस्ती म्हणजे पाणी बंद, असा हिशेब प्रत्येक मजल्याने आपापला केला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी बादल्या, पातेली, बाळांचे टब, एका घरी तर फुलदाण्या भरून ठेवल्या. त्यामुळे रात्री आठच्या सुमाराला टाकी खरोखरच रिकामी झाली. "बघा, सुरू झाली दुरुस्ती," असं लोक जिन्यात एकमेकांना समाधानाने सांगत होते. पाणी संपलं ते फक्त आमचं. आम्ही भरलं नव्हतं, कारण आम्हाला खरं काय ते माहीत होतं.

पहिल्या सकाळी मी खुर्ची, चटई, वही आणि सासूबाईंकडून आणलेला पाच किलोचा दगडी पाटा घेऊन गच्चीवर गेले. पंधराव्या उठबशीला टायपिंगकाका हजर.

"आलाच आहात तर आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय, तेवढी बघून घ्या."

"काका, दुरुस्ती म्हणजे मीच. माझा व्यायाम."

ते म्हणाले, "बरं. मग तुमचं झाल्यावर ओल."

दुसऱ्या दिवशी एकजण खिडकीचा कडीकोयंडा घेऊन आले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी दाराबाहेर मोडकी इस्त्री ठेवून गेलं, वर चिठ्ठी: 'गरम होत नाही.' मी माझ्या दारात इस्त्री हातात घेऊन बराच वेळ उभी होते. बोधाच्या बाबतीत माझीही तीच तक्रार होती.

आणि चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची आली.

तिला दोन महिन्यांचा मुलगा. नवीनच राहायला आलेली, कुणाशी फारसं बोलणं नाही. गच्चीच्या दारात उभी राहून तिने विचारलं, "किती दिवस चालेल दुरुस्ती?"

"पंधरा."

"मी बसू इथे? तो झोपलाय. हे आहेत घरात."

ती टाकीला पाठ टेकून बसली आणि डोळे मिटले. दहा मिनिटं हलली नाही. मग उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. ना चटई, ना वही, ना घाम. मी खुर्चीतून उठतेय, बसतेय, धापा टाकतेय, आणि ही समोर दगडासारखी शांत! मला सरळ मत्सर वाटला. त्या दिवशी मी वहीत लिहिलं: "स्थैर्य. काहींना ते जन्मतः लाभते."

एकदा तिने डोळे न उघडताच विचारलं, "तुम्ही मुलीला उचलता तेव्हा हात थरथरतात का हो?"

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण वहीची पंचेचाळीस पानं झाली होती. मी म्हटलं, "सुरुवातीला होतं तसं. शिस्त लागली की शरीर मनाचं ऐकतं."

"हो ना," ती म्हणाली.

मी स्वतःला फार बारीक लक्ष असणारी बाई समजते. कुणाच्या दाराबाहेर दुधाची पिशवी किती वाजेपर्यंत पडून असते, हे मला माहीत असतं. झोपलेल्या मुलीचा श्वास मी दिवसातून चार वेळा बघते. आणि त्या गच्चीवर, माझ्यापासून सहा फुटांवर, मला समाधी दिसली.

पंधराव्या दिवशी पाहणी होती. दुरुस्ती म्हटल्यावर मुदत संपताना पाहणी आलीच. सेक्रेटरीकाका फाईल घेऊन आले, साक्षीदार म्हणून टायपिंगकाका आले. रविवार म्हणून पाहणी उशिरा ठेवली होती, त्यामुळे सासूबाईही गठुड्याला कडेवर घेऊन वर आल्या. तिसऱ्या मजल्यावरची टाकीपाशी आपल्या जागेवर होतीच.

"दाखवा काम," सेक्रेटरीकाका म्हणाले.

चार माणसांच्या देखत मी वीस वेळा खुर्चीतून उठले. मग पाटा उचलून दाखवला. लग्नातही माझ्याकडे इतक्या गंभीरपणे कुणी पाहिलं नव्हतं.

"एवढंच?" सेक्रेटरीकाका म्हणाले. "याला पंधरा दिवस?" आणि फाईल टायपिंगकाकांकडे देऊन त्यांनी पाटा उचलायला बैठक मारली.

कुठेतरी कट् असं वाजलं. काका अर्ध्यावर थांबले. खाली जाता येईना, वर येता येईना. चेहरा मात्र अजून पाहणीचाच होता.

"डावा पाय टेकताना श्वास!" टायपिंगकाका ओरडले.

"दोन्ही टेकलेत," सेक्रेटरीकाका बारीक आवाजात म्हणाले.

"बघतेस काय?" सासूबाईंचा आवाज आला. "पाय लांब! गुडघे वाक! कंबर सरळ! उचल त्यांना!"

एकतीस वर्षं ज्या आवाजाने मुलींच्या रांगा सरळ केल्या, तो माझ्या डोक्यातून नव्हे, थेट मांड्यांतून गेला. मी काकांच्या काखेत हात घातले आणि उभी राहिले. काकाही उभे राहिले. झालं. मध्ये एकही विचार नव्हता. आसक्ती नाही, त्याग नाही, भार नाही. कंबरेत कळसुद्धा नाही.

काकांनी शर्ट नीट केला, फाईल मागून घेतली आणि लिहिलं, 'काम समाधानकारक.'

मी लगेच वळून गठुड्यापुढे हात पसरले. तिने माझ्याकडे पाहिलं. मग आजीच्या कडेवरून वळवळत खाली उतरली, गच्चीच्या फरशीवर बसली आणि शेजारची जागा हाताने थोपटून मला दाखवली. ये, बस.

मी बसले. दुसरं काय करणार?

काम समाधानकारक झाल्यामुळे किल्ली त्याच दिवशी परत गेली. "झालेल्या दुरुस्तीला किल्ली कशाला?" सेक्रेटरीकाका म्हणाले. एका हाताने ते कंबर चोळत होते. मी घरातच व्यायाम करायला लागले, पाट्याखाली चादरीची घडी घालून, टायपिंगकाकांच्या तालावर. वही बंद केली, त्यामुळे पूर्ण दहा मिनिटं मिळायला लागली. गठुडं रोज खाली बसायची, मी रोज खाली बसायचे. हात वर कर म्हणून कुणाला अर्ज करता येत नाही.

अकराव्या दिवशी मी फोनवर बोलत उभी होते. ती खेळता खेळता आली, माझ्या पायाला टेकली, आणि दुसरीकडेच बघत, सहज, सवयीने, दोन्ही हात वर केले. मी फोन ठेवला. गुडघे वाकवले. उचललं. त्या क्षणी काय बोध झाला म्हणाल, तर तिचा लंगोट बदलायला झाला होता, एवढाच.

लंगोट बदलून, तिला कडेवर घेऊन मी उगाच घरभर फिरले. आणि फिरता फिरता ध्यानात आलं, की अकरा दिवसांत तिसऱ्या मजल्यावरची मला एकदाही दिसली नाही. तिची बसायची जागा मीच कुलूप लावून परत केली होती.

मी तशीच वर गेले. दोनदा बेल वाजवली. तिसऱ्यांदा वाजवल्यावर दार उघडलं.

"मी ठीक आहे," ती म्हणाली. मी काही विचारलंही नव्हतं.

आत बाळ रडत होतं. पाळण्याशेजारी फरशीवर एक उशी होती. ती तिथेच बसत असणार. "घेते त्याला आत्ता," ती म्हणाली. "जरा बसून मग घेते." आणि तिने हात पदराआड केले.

मग मी तिला टबाची गोष्ट सांगितली. नवऱ्याला न सांगितलेली, डॉक्टरांना न सांगितलेली, वहीत तर नाहीच नाही. डोकं किती जवळून गेलं, तेही सांगितलं.

 "माझ्या हातून गादीवर पडला," ती म्हणाली. "गादीवरच. काही झालं नाही त्याला. पण तेव्हापासून मला घेताच येत नाही हो. हे घरी आले की ते घेतात. दिवसभर तो तिथे रडतो आणि मी इथे बसते. झोप तर येतच नाही."

"गच्चीवर यायचात तेव्हा?"

"तिथे तो रडलेला ऐकू यायचा नाही."

मी पाळण्यातून तिचं बाळ उचललं. एका बाजूला अकरा किलो, दुसऱ्या बाजूला पाच. ती रडली, मी आणि कडेवरची दोघं तिच्यापाशी उभी राहिलो. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, आणि मी माझ्या. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतरचं हे औदासीन्य पुष्कळजणींना येतं, यावर औषध आहे, फक्त त्या आमच्यापर्यंत येत नाहीत. आता सकाळी अकराला सासूबाई तिच्याकडे जातात. "घाबरू नकोस! कोपर जवळ! घे त्याला!" हे पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. टायपिंगकाकांची तक्रार नाही. ताल बरोबर आहे म्हणतात.

ती बरी होतेय, पण हळूहळू. मी दमलेय. बाळासाठी घेतलेली माझी लांबलेली रजा सोमवारी संपते.

तुमच्याही जिन्यात असं एखादं दार असेल, बाळ आल्यापासून फारसं न उघडणारं. बाळ कसं आहे, हे विचारू नका. ते सगळेच विचारतात. ती कशी आहे, ते विचारा. ती "ठीक आहे" म्हणेल, तेव्हा "बरं" म्हणून जिना उतरू नका, आणखी दोन मिनिटं तिथेच थांबा. वाचून झालं असेल तर आत्ताच जाऊन या.